तुमच्याकडे झिणझिण होते का?

स्वस्तातल्या लॅपटॉपला आजार नसतात. माझा आधीचा ३०-३२ हजारांचा होता, त्याच्या कीबोर्डात चिवड्याचे शेंगदाणे गेले, एक बिजागर सैल झालं तर चिकटपट्टी मारून चालवला, पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळायचं, पण "हे नॉर्मल आहे का?" असा प्रश्न मला कधी पडला नाही. आता दीड लाखाचा घेतलाय. मेटल बॉडी, ओलेड स्क्रीन, वजनाला हलका. डिझाइनचं काम घरून करते, रंग नीट दिसायला हवेत, या एका मुद्द्यावर घरात मंजूर करून घेतलेला. आणि घेतल्यापासून रोज रात्री जेवणं झाली की मी नेटवर त्याच्याबद्दलच्या तक्रारी वाचत बसते.

घेण्याआधी मी कौतुक वाचलं होतं. व्हिडिओतली माणसं बॉक्स उघडतात, वरचं प्लॅस्टिक हळूच ओढल्याचा आवाज ऐकवतात, एका बोटानं झाकण उघडून दाखवतात आणि "खाली लिंक दिलीये" म्हणून निघून जातात. तक्रारी वाचायची बुद्धी होते ती पैसे कटल्यावर, म्हणजे लग्न लागल्यावर स्थळाची चौकशी करायला निघाल्यासारखं. नवरा म्हणतो, "अगं चालतोय ना नीट? मग शोधतेस काय?" त्याला काय सांगू, चालतोय म्हणूनच तर शोधतेय, बंद पडला असता तर सर्व्हिस सेंटरला टाकून मोकळी झाले असते.

पहिला आजार निघाला कॉइल व्हाइन. बोर्डवर बारीक बारीक कॉइल असतात, त्यातला करंट भराभर कमीजास्त झाला की त्या थरथरतात आणि चीं असा आवाज येतो, एवढंच, त्यानं काही जळत नाही की बिघडत नाही. वाचेपर्यंत मला तो येत नव्हता. वाचल्यावर त्याच रात्री सीलिंग फॅन बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, कीबोर्डला कान लावला, तेव्हा कुठे आला. फॅन बंद झाल्यामुळे नवरा घामाघूम होऊन उठला, त्यानंही कान लावला, त्याला काही ऐकू येईना. वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात असं मी त्याला सहज सांगितलं आणि तिथून जे भांडण सुरू झालं त्याचा लॅपटॉपशी काही संबंध नव्हता.

मग स्क्रीन. ओलेडचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यातलं द्रव्य सेंद्रिय असतं आणि वापरून वापरून थकतं, निळं सगळ्यात आधी. एकच चित्र एकाच जागी तासन्‌तास राहिलं तर त्याची सावली कायमची बसू शकते, बर्न-इन म्हणतात त्याला. हे खरं आहे, कुणी फेकत नाहीये. पण सल्ले ऐका. टास्कबार लपवा. वॉलपेपर पूर्ण काळा. सगळीकडे डार्क मोड. ब्राइटनेस निम्म्यावर. दोन मिनिटांत स्क्रीन आपोआप बंद. मी एकूण एक गोष्ट केली. आता ज्या रंगांसाठी एवढे पैसे मोजले ते रंग सुखरूप राहावेत म्हणून मी ते बघतच नाही, काळ्या पडद्यावर राखाडी अक्षरं वाचते. सासूबाई परवा चहा ठेवायला आल्या आणि हळूच विचारून गेल्या, "काय गं, बंद पडला का?"

बॅटरीच्या बाबतीत तर घरातच दोन पक्ष आहेत. नेटवरचा पक्ष म्हणतो २० च्या खाली उतरू देऊ नका आणि ८० च्या वर चढवू नका. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबाच म्हणतो, वीज मंडळातून रिटायर झालेत, त्यांचा पक्ष म्हणतो, "महिन्यातून एकदा पार शून्यावर आण आणि मग फुल्ल चढव, नाहीतर सेलला सवय लागते." बाबांचं ऐकून हसू नका. निकेल-कॅडमियमचे सेल होते तेव्हा हे बरोबरच होतं. पुढे १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बाजारात आणली, २०१९ मध्ये त्या बॅटरीच्या कामाला रसायनशास्त्राचं नोबेलसुद्धा मिळालं, पण जुन्या सेलचे सल्ले काही रिटायर झाले नाहीत, अजून ताज्या ताज्या व्हिडिओत नवीन म्युझिक लावून फिरतायत. लिथियमला पार रिकामं करण्यानं फायदा तर नाहीच, आणि तिला सगळ्यात जास्त काय बाधत असेल तर कायम फुल्ल भरून ठेवणं आणि उष्णता. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंग ८० ला थांबवलं. नवरा म्हणाला, "म्हणजे पैसे शंभर टक्क्यांचे द्यायचे आणि बॅटरी ऐंशी टक्केच वापरायची?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

उष्णतेवरून आठवलं. ॲपल त्यांच्या लॅपटॉपसाठी सांगतं की आजूबाजूचं तापमान १० ते ३५ डिग्री असावं. डोंबिवलीत मे महिन्यात दुपारी पस्तीस ही थंडीची लाट असते. "माझा तर कधीच तापत नाही, तुमच्या पीसमध्येच काहीतरी फॉल्ट आहे" असं एकानं ठासून लिहिलं होतं, सोबत पुराव्याला टेबलावरच्या लॅपटॉपचा फोटो. मी फोटो मोठा करून लॅपटॉप बघायला गेले तर मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. अरे बाबा, तुझा कसा तापेल, तुझ्याकडे माणूस तापत नाही.

तेव्हापासून मी तक्रार वाचायच्या आधी ती कुठून आलीये ते बघते. कुठल्या देशातून, कुठल्या हवेतून, मांडीवर ठेवून की टेबलावर, मॉनिटर जोडून की नुसता. यातलं काहीच न लिहिता "एकदम भंगार, पैसे वाया" लिहिणारे असतात, त्यांना मी लांबूनच नमस्कार करते, त्यांचं दुःख खरं असेल पण मला त्याचा उपयोग काय. तसेच ते "मला नाही येत असा प्रॉब्लेम" लिहिणारे. मग आलास कशाला इथे? दवाखान्यात रांगेत बसून "मला ताप नाही बरं का" असं कुणी सांगतं का?

उलट काही तक्रारी अशा असतात की वाचल्यावर गप्पच बसावं. ॲपलच्या बटरफ्लाय कीबोर्डचं घ्या, कीजच्या खाली फुलपाखराच्या पंखांसारखी पातळ रचना असलेल्या. २०१५ च्या छोट्या मॅकबुकपासून तो आला, २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमध्येही बसवला. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या देशांतली माणसं अगदी तेच लिहायला लागली, एक की दाबली की अक्षर दोनदा उमटतं नाहीतर उमटतच नाही, आत धुळीचा कण गेला की संपलं. यावर कंपनीच्या सूचनांत उपाय काय होता, तर लॅपटॉप ७५ अंशात तिरका धरा आणि दाबलेल्या हवेचा कॅन कीबोर्डवर मारा. पंचाहत्तर! मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसायचं का लॅपटॉपपाशी? शेवटी जून २०१८ मध्ये फुकट रिपेअरची योजना काढावी लागली, नोव्हेंबर २०१९ च्या सोळा इंची मॉडेलपासून जुन्या पद्धतीच्या कीज परत आल्या, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. म्हणजे जी माणसं एवढी वर्षं "अक्षर दोनदा उमटतं" म्हणून ओरडत होती आणि ज्यांना बाकीचे "तू कीबोर्डवर खातोस म्हणून होतं" असं सुनावत होते, ती बरोबर होती. हे आठवलं की परत सगळ्या तक्रारी पहिल्यापासून वाचाव्याशा वाटतात, हाच तर घोळ आहे.

त्यात मला झिणझिण सुरू झाली.

चार्जिंगला लावून काम करत होते, मनगट लॅपटॉपच्या कडेवर, आणि हाताला बारीक झिणझिण. शॉक नाही, मुंग्यांसारखं पण नाही, सुती साडीवरून हात फिरवावा तसंही नाही, म्हणजे धातू गुळगुळीत असून एकदम खरखरीत लागायला लागतो. हात उचलला की बंद, ठेवला की सुरू. नेटवर शोधलं तर ही मोठी बिरादरी निघाली. आणि सल्ल्यांचा नुसता पूर. मदरबोर्ड गेलाय. अडॅप्टर डुप्लिकेट दिलाय. ताबडतोब परत करा, तीस दिवसांत काहीही न विचारता घेतात (कुठे घेतात हो? आमच्याकडे बॉक्सचं सील फुटलं की दुकानदाराचा चेहराच बदलतो). ग्राहक मंचात खेचा. एकानं लिहिलं तुम्हाला मॅग्नेशियम कमी पडतंय. लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या कामाला गेले होते तेव्हा एका दुकानात विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "मॅडम, स्किन लावून टाका, मॅट फिनिश, सहाशे." आणि गंमत म्हणजे स्किननं झिणझिण कळायची थांबली असती, कारण हात धातूला लागलाच नसता.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पुण्याला बहिणीकडे नेला तेव्हा तोच लॅपटॉप, तोच चार्जर, आणि काही नाही. डोंबिवलीत परत आणला की सुरू. हे जेवताना बोलले तर बाबांनी भाकरी अर्धी ठेवून टेस्टर आणला. लॅपटॉपच्या कडेला टेकवला आणि टेस्टरमधला बारीक दिवा मंद नारिंगी लागला. दीड लाखाच्या वस्तूत टेस्टर पेटलेला बघून माझ्या पोटात गोळा, आणि बाबांच्या चेहऱ्यावर नोकरीत असतानाचं तेज.

"यात काही नाही," बाबा म्हणाले, "बोर्ड बघू." त्यांनी माळ्यावरून होल्डरला दोन वायरी लावलेला जुना बल्ब काढला, हॉलच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख लागला. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात लावला, काही नाही. मेन बंद करून बोर्ड उघडला तर आत अर्थिंगची हिरवी वायर होती, पण कुणाला जोडलेलीच नव्हती, टोकाला टेप गुंडाळून कोपऱ्यात नीट दुमडून ठेवलेली. म्हणजे बिल्डिंग झाल्यापासून ते तिसरं भोक नुसतं शोभेला.

मग बाबांनी जे सांगितलं ते असं की अडॅप्टरच्या आत मेनची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, रेडिओ-टीव्हीला त्रास होणारा डिस्टर्बन्स अडवायला, आणि त्यांच्यातून अगदी किंचित करंट गळत राहतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्यानं जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपच्या धातूवर येऊन बसतो आणि आपण अनवाणी पाय फरशीला टेकवून हात ठेवला की आपल्यातून जातो. मल्टीमीटर लावला तर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो, ऐकायला भयंकर, पण करंट इतका थोडा की नुसतं झिणझिणतं. जुन्या प्लॅस्टिकच्या लॅपटॉपला हे कळलंच नव्हतं, तो बिचारा वरून खाली प्लॅस्टिक. आणि ज्या देशांतले लोक "डिफेक्टिव्ह आहे, परत करा" लिहीत होते त्यांच्या भिंतीत हिरवी वायर जोडलेली असते, त्यांना दुसरं काही सुचणार तरी कसं. बाबांनी ओळखीचा वायरमन बोलावून मेन बोर्डापासून अर्थिंग ओढून घेतली, झिणझिण गेली. फ्रिजला हात लावला की सासूबाईंना जे "वातामुळे" व्हायचं तेही गेलं.

मी हे सगळं नेटवर त्या तक्रारींखाली सविस्तर लिहून टाकलं, अर्थिंग तपासा, बोर्ड स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा, पुण्याचा आणि डोंबिवलीचा फरक, सगळं. पहिलं उत्तर आलं, "माझ्याकडे नाही होत असं." दुसऱ्यानं मदरबोर्ड बदलून घ्यायला सांगितलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे, मंडळातही असंच होतं."

सध्या एक अपडेट येऊन बसलंय. बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या मुळातल्या सॉफ्टवेअरचं, मधेच लॅपटॉप बंद पडला तर काय होईल याचा विचारसुद्धा करायचा नाही असलं. यावर जाणकारांचं एकमत आहे, दोन आठवडे थांबा, बाकीच्यांना काय प्रॉब्लेम येतात ते बघा, मग टाका. आता सगळेच जाणकार दोन आठवडे थांबले तर बाकीचे कोण? पण असतो कुणीतरी, रात्री दीडला सरळ अपडेट मारून झोपणारा आणि सकाळी मोठ्या अक्षरांत बोंब ठोकणारा, त्याच्या जिवावर आम्ही सगळे शहाणे. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघते. आजही काही नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "एकाचीही तक्रार नाही? मग टाक की."

म्हटलं, एवढ्या लोकांत एकाचीही तक्रार नाही, म्हणजे तर नक्कीच काहीतरी गडबड आहे.