पोळ्याचं तोरण सोडून कबूतर कशाला काढता?

पाणी वाचवा म्हटलं की नळाखाली पृथ्वीचा गोळा. झाडं वाचवा म्हटलं की झाडाला डोळे आणि डोळ्यांत पाणी. शांतता म्हटलं की चोचीत फांदी घेतलेलं कबूतर. तालुक्याच्या कोणत्याही विषयवार चित्रस्पर्धेत ही तीन चित्रं ढिगानं येतात. तेच कबूतर पंधराव्यांदा समोर आलं की परीक्षक पंख किती छान रंगवलेत ते बघत बसत नाही, कागद बाजूला सरकवतो. आपल्या पोट्ट्यांचा हात कच्चा नाही बाप्पा, मोबाइलवरून उतरवलेलं चित्र कच्चं आहे.

थोडा दोष एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या सवयीचाही आहे. त्या परीक्षा चांगल्याच, रेष त्यांच्यामुळेच बसते. पण तिथं स्मरणचित्राला पाठ केलेला बाजार, पाठ केलेली विहीर चालून जाते. स्पर्धेत तोच बाजार ‘एकता’ या विषयाला चिकटवला की फसतं.

विषय हातात आला की आधी एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट आपल्या गावात डोळ्यांना कुठं दिसते? शांतता म्हटलं तर पोळ्याचं तोरण घ्या. वर्षभर शेताच्या धुऱ्यावरून भांडणाऱ्यांचे बैल त्या दिवशी आंब्याच्या पानांखाली एका रांगेत उभे असतात. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंग. पाणी म्हटलं तर अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहीर भरलेली असूनही घोटभर पाणी पिववत नाही. भंडारा-गोंदियाकडे मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या पाण्यावर धानाची रोवणी चालते. हे नागपूरच्या परीक्षकालाही थांबवतं आणि परदेशातल्यालाही.

मग वहीच्या एका पानावर काडेपेटीएवढ्या सहा चौकटी आखून सहा कच्ची चित्रं काढा. पहिल्या दोन चौकटींत कबूतर येणारच, येऊ द्या. खरं चित्र चौथ्या-पाचव्या चौकटीत निघतं. निवडलेलं चित्र भिंतीला लावून दहा फुटांवरून बघा. घरातल्या माणसाला न सांगता विषय ओळखता आला तर पुढं जा. नाही ओळखला तर आकृत्या कमी करा, मुख्य आकृती मोठी करा. कोपऱ्यात घोषणा लिहून भागत नाही. लायन्स क्लबची शांतता-पोस्टर स्पर्धा 1988 पासून चालते, 11 ते 13 वयाच्या मुलांसाठी. तिच्या नियमांत चित्राच्या दर्शनी बाजूला कोणत्याही भाषेतलं अक्षर किंवा आकडा चालत नाही. दुकानाच्या पाटीवर सहज लिहिलेलं ‘किराणा’ही चित्र बाद करू शकतं.

मापातही अशीच फसगत होते. त्याच स्पर्धेत कागद कमीत कमी 13×20 आणि जास्तीत जास्त 20×24 इंच लागतो. मुलांच्या सवयीची पाव शीट 11×15 असते, म्हणजे चित्र काढायच्या आधीच बाद. ए-थ्रीसुद्धा लहान पडतो. अर्धी इम्पिरियल शीट, 15×22, बरोबर बसते. प्रत्येक स्पर्धेचं माप वेगळं असतं, म्हणून त्या वर्षीचं पत्रक आधी वाचा: वय कोणत्या तारखेला मोजतात, शेवटच्या तारखेपर्यंत चित्र पाठवायचं की पोहोचायला हवं, बोनाफाईड लागतं का.

रंगांकडे येऊ. पातळ कार्ट्रिज कागद पाण्यानं फुगतो, म्हणून चारही कडा कागदी टेपनं पाटीला चिकटवा आणि चित्र पूर्ण वाळल्यावरच काढा. कच्ची रेष एचबीनं, हलक्या हातानं. खोडरबर घासलं की कागदाचं तोंड फाटतं आणि तिथं रंग डाग धरतो. पोस्टर कलर दाट ताकाएवढा पातळ ठेवा. बाटलीतून थेट थापला की गुंडाळी करताना तडकतो. आकाशासारख्या मोठ्या भागाचा रंग एकदाच पुरेल इतका कालवा, दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. ओला गडद रंग वाळल्यावर थोडा फिका पडतो, म्हणून आधी फालतू कागदावर फटकारा मारून बघा. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यानं सुटतो. वरचा हात एकदाच, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून द्या. घासलं की चिखल होतो. मोठा भाग बारा नंबरच्या चपट्या ब्रशनं आधी, बारीक काम दोन नंबरनं शेवटी. पांढऱ्याची मोठी बाटली घ्या, तीच आधी संपते.

आणि रंग आपले वापरा हो! पुस्तकातली जमीन तपकिरी असते, आपली कापसाची जमीन काळी आहे. निव्वळ काळा रंग मेल्यासारखा दिसतो. गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळला की भेगाळलेल्या काळ्या जमिनीची छटा येते. वैशाखातलं आकाशही निळं नसतं, पांढऱ्यात चिमूटभर पिवळी माती घातल्यासारखं असतं.

गुरुजींना आणि आईबाबांना हात जोडून एक विनंती. मुलाच्या चित्रावर ब्रश लावू नका. बैलाचा पाय वाकडा असला तर असू द्या. तेरा वर्षांच्या हाताशेजारी मोठ्या माणसाचा फटकारा लगेच ओळखू येतो, आणि मग अख्ख्या चित्रावर संशय जातो. तोंडी विचारा, दाखवा, पण हात मागे. काळ्या स्केचपेननं सगळ्याला आउटलाइन मारायची सवयही सोडवा. तिनं चित्र रंगवायच्या वहीसारखं दिसतं, आणि पाणी लागलं की शाई पसरते.

पाठवताना घडी घालू नका. नळाच्या सामानाच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणा. चित्रावर बटर पेपर ठेवून सैल गुंडाळी करा. रबर बँड नको, त्याचा वळ उमटतो, कागदाची पट्टी लावा. दोन्ही तोंडं बंद करून वरून प्लास्टिक, कारण पावसाळ्यात टपालाची थैली कोरडी राहील याचा भरवसा नाही. ऑइल पेस्टलचं चित्र मात्र गुंडाळू नका, ते वाळतच नाही. स्पर्धेत चालत असेल तर दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. नाव-शाळा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवा, कारण मागून बॉलपेन दाबलं की रेघ पुढं उठते. आणि डबा बंद करण्याआधी सकाळी नऊच्या सुमारास ओसरीच्या सावलीत चित्र उभं करून मोबाइल सरळ समोर धरून एक फोटो काढा, बहुतेक वेळा चित्र परत येत नाही.