दीर्घिकासमूहांतली धूळ म्हणजे कृष्णद्रव्य नव्हे

‘दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत अवरक्त प्रकाश देणारी धूळ सापडली आहे, हरवलेलं वस्तुमान म्हणजे ही धूळच, कृष्णद्रव्य वगैरे थोतांड आहे,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. (हरवलेलं वस्तुमान म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून जाणवणारं, पण न दिसणारं; ते कृष्णद्रव्याचं मानतात.) तो चुकीचा आहे.

आधी वस्तुमानाचा हिशोब. कोमा या दीर्घिकासमूहाचं एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहा लाख अब्ज पट आहे. धूळ सापडल्याचा दावा करणाऱ्यांचा सर्वांत सढळ अंदाजही तिथे एक-दोन अब्ज सूर्यांइतक्या धुळीचा, म्हणजे एकूण वस्तुमानाचा जेमतेम दहा लाखावा भाग. हा मुद्दा इथेच संपतो.

‘धूळ सापडली’ हे तरी खरं का? आयएसओ या युरोपीय अवकाश दुर्बिणीने कोमाच्या मध्यातून आडव्या रेषांत १२० आणि १८० मायक्रॉन या अवरक्त तरंगलांबींची उजळता मोजली. निष्कर्ष १९९८ साली आले. अडचण अशी की आपल्याच आकाशगंगेतली थंड धूळ, म्हणजे सिरस, समूहाच्या आड येते आणि कितीतरी जास्त उजळ असते. म्हणून १२० मायक्रॉनच्या उजळतेला १८० मायक्रॉनच्या उजळतेने भागून येणारा भागाकार पाहतात. सिरससाठी तो जवळपास स्थिर राहतो. समूहातली धूळ जास्त उबदार असल्याने मध्याशी तो वाढायला हवा. पण राशिप्रकाश, म्हणजे आपल्या सूर्यमालेतल्या धुळीचा उजेड, आधी नीट वजा केला नाही, तर सिरस विरळ असेल तिथे भागाकार आपोआप चढतो आणि नसलेली धूळ दिसू लागते. कोमात तो वजा केल्यावरही किंचित वाढ दिसली. त्याच पद्धतीने तपासलेल्या इतर पाच समूहांत, २००२ साली, खात्रीचं काही मिळालं नाही. पुढे स्पिट्झर दुर्बिणीने कोमा २४, ७० आणि १६० मायक्रॉनवर पाहिला, तेव्हा फक्त कमाल मर्यादा हाती आली: केंद्राजवळ धूळ दीर्घिकांमधल्या तप्त वायूच्या लाखाव्या भागाहून कमी. आकाशगंगेत हे प्रमाण साधारण शंभरात एक असतं.

‘प्लँक या युरोपीय अवकाश दुर्बिणीनेही पाहिली ना?’ शेकडो समूहांचे नकाशे एकावर एक रचून प्लँकने सुमारे १९ केल्व्हिनची धूळ टिपली, हे खरं. पण त्याची नजर जेमतेम ५ कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे त्याहून बारीक तपशील त्याला वेगळा दिसत नाही. त्यामुळे समूहातल्या सर्पिल दीर्घिकांची स्वतःची धूळ त्यात मिसळलेलीच असते.

मुळात तिथे धूळ टिकणंच अवघड. वायू सुमारे ९ कोटी केल्व्हिनचा, लिटरमागे एक ते तीन कण इतका विरळ. तरी त्याच्या आयनांच्या माऱ्याने दशांश मायक्रॉनचा कण ३ ते १० कोटी वर्षांत झिजून जातो. समूहाचं वय अब्जावधी वर्षांचं. म्हणून शोधायचंच तर कडेला शोधावं, जिथे नव्या दीर्घिका आत शिरताना धूळ मागे टाकतात आणि वायूही विरळ असतो. मात्र तिथे वायूच्या धडकांनी मिळणारी ऊबही कमी, त्यामुळे सिरसमधून ती वेगळी काढणं आणखी जिकिरीचं.