तात्यांच्या माळवदावरची रेंज

परवा भर दुपारी, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वेळूची काठी घेऊन मी दुसऱ्याच्या माळवदावर कावळे हाकत उभा होतो. बी.एस्सी., बी.एड. झालेला माणूस. कुरडया माझ्या नव्हत्या, माळवद माझं नव्हतं. माझा होता तो फक्त ओटीपी, आणि तोही अजून यायचा होता.

फार्मर आयडीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाचं काम. तालुक्याला केंद्रावरच्या पोरानं कागद ठेवून घेतले आणि म्हणाला, "सर, दिवसा सर्व्हर लई स्लो असतंय. जमलं की फोन करतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा. रेंजमधी राहा म्हणजे झालं."

रेंजमध्ये राहा! आमचं गाव धारूरकडच्या बालाघाटात, एका घळीत बसलेलं. टॉवर डोंगरापलीकडं. त्यात घराघरावर पत्रे आले, आणि पत्र्यातून लहरी आत शिरत नाहीत, त्यामुळे होती नव्हती तीही गेली. उरलं तात्यांचं माळवद. त्याच्या एका कोपऱ्यात दोन काड्या येतात, आणि त्या दोन काड्यांची सातबाऱ्यावर नोंद असल्यासारखे तात्या वागतात.

"ओटीपी कुणाचा?" त्यांनी बाजेवरूनच विचारलं.

"सरकारी आहे, तात्या."

"मंग बसावं लागंन. बँकेचा आसता तर लगीच आला आसता. बँकेला पैशे घ्यायचे असतेत, सरकारला द्यायचे असतेत."

मी शिडीला हात घातला.

"चपला खाली. सान्यापाशी पाय जपून टाका. आन ही काठी घ्या."

"काठी कशाला?"

"वर कुरडया वाळू घातल्यात. तुमी तसंबी हुभंच ऱ्हाणार."

याला उत्तर नव्हतं. वर गेलो. धुतलेल्या धोतरावर ओळीनं पांढऱ्या कुरडया, काठ वाळून वर वळलेले, पोटात अजून ओल. शेजारी धूर जायला ठेवलेलं सानं. त्यातून काकूंचा आवाज आला, "कोण हाय वर?"

"मास्तर हायेत. ओटीपीला आलेत," तात्या अंगणातून ओरडले.

"च्या टाकू का?"

"न्हाई. त्येंचा येऊ दे आधी."

मग तात्याही वर आले आणि मला रेंज समजावून सांगू लागले. ऊन तापलं की रेंज बसते, उतरलं की उठते. वारं अंबाजोगाईकडून असलं तर दोन काड्या, धारूरच्या किल्ल्याकडून असलं तर एक. आता मी सातवीला विज्ञान शिकवतो. म्हटलं, "तात्या, वाऱ्याचा आणि लहरींचा काही संबंध नसतो." तेवढ्यात वारं पडलं आणि मोबाइलवर 'सेवा उपलब्ध नाही' असं आलं. तात्या काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

तसं कागदावर सगळं जोरात आहे. गावोगाव ऑप्टिकल फायबर न्यायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव बदलून भारतनेट झालं, लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित आराखडाही मंजूर झाला. खेड्यांपर्यंत सेवा पोचावी म्हणून कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के आकार कापला जातो. म्हणजे शेवटी रिचार्ज मारणाऱ्याच्याच खिशातून. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा, वर्षाला १३ वेळा मारायचा, आणि बोलायला तात्यांची शिडी चढायची!

नियमानं असली केबल १.६५ मीटर खोल जाते. आमच्याकडं वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. ठेकेदाराच्या माणसांनी जिथं कुदळ वाजली तिथं केबलची नळी वरच्यावर अंथरली आणि माती ओढली. पुढं पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आला, त्याच्या एका घासात ती गेली. पंचायतीत त्या फायबरची लोखंडी पेटी आहे, पेटीला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडं आहे त्याला फोन लागत नाही, कारण रेंज नाही. उरलेल्या नळीचा तुकडा तात्यांच्या गोठ्यात आहे. त्यातून म्हशीला पाणी जातं. चांगलं जातं.

कोरोनात याच कोपऱ्यात पोरं ऑनलाइन शाळेला बसायची. पोरं म्हणजे पोरंच. पोरींनी गावादेखत माळवदावर कशाला चढायचं, असं ठरलं होतं. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी तेव्हा शाळेतून तुटली ती तुटलीच. तिच्या भावाचा मात्र एकही तास बुडला नाही. तो तास चालू ठेवून गेम खेळायचा.

फोन वाजला. "सर, पाठवलाय, सांगा पटकन!" मेसेज आला. मी सहा आकडे सांगितले. "काय? तुटक येतंय!" मी ओरडलो. मला मदत म्हणून तात्या ओरडले. सान्यातून काकूंनी विचारलं, "शेवटी चार का सात?" खाली गल्लीतून कुणीतरी "सात, सात!" म्हणून सांगितलं. मेसेजच्या तळाशी लिहिलं होतं: हा ओटीपी कुणालाही सांगू नका.

"सर, टाइम संपला त्याचा," पोरगा म्हणाला. "उद्या करू. आता सर्व्हर डाऊन झालंय."

मी काठी टेकवली. तात्या वाकून कुरडया मोजत होते.

"दोन नेल्या कावळ्यानं," ते म्हणाले. "मास्तर, तुमचं ध्यानच नव्हतं."

मी शिडीवरून निम्मा खाली आलो होतो, तर वरून आवाज आला, "उद्या जरा लवकर या. उद्या पापड हायेत, ते वाऱ्यानंबी उडतेत."