ट्रम्पवर बोललात, टॉवेलवर कोण बोलणार?

आमदार साहेबांचं भाषण पूर्ण वाचलं, पाकिस्तान झालं, चीन झालं, ट्रम्पला पण दम देऊन झाला, बरं वाटलं ऐकायला. पण साहेब परराष्ट्र धोरण केंद्राचा विषय आहे हो, विधानसभेत बसून तुम्ही त्यात काय करणार? आणि बोलायचंच होतं तर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयात कर, ५० टक्क्यावर नेलं तेव्हा आपल्या सोलापूरच्या टॉवेलवाल्यांचं काय झालं ते तरी बोलायचं. माझा मेव्हणा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहे, तेव्हा दोन पाळ्यांची एक झाली, पगार निम्मा, आणि शेठ म्हणतो माल गोडाऊनला पडून आहे, मी तरी काय करू. केंद्रानं कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी काढली तेव्हा सुताचा भाव किती उतरला ते पण कोणी विचारलं नाही, आणि तिकडं बार्शीचा कापूसवाला शेतकरी बोंबलत होता ते वेगळंच. देशांतर्गत प्रश्नावर साहेब एकच वाक्य बोलले, "विकास जोरात आहे". उजनी धरण भरून वाहिलं तरी आमच्या घरी नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दीडला, बायको बॅरल धरून बसते. टाळ्या वाजवणारे बहुतेक बोअरवाले असतील.