आता म्हणे घाई कशाला

सकाळी फॅमिली ग्रुपवर एकाने टाकलं, "गावडा-कुणब्यांना नोकऱ्या मिळाल्या, आता सीटपण पाहिजेत? एवढी घाई कशाला?" आणि खाली लगेच थम्ब्स अप. तिथे भांडले नाही, मोठी माणसं आहेत, म्हणून इथे लिहितेय.

घाई?? गावडा, कुणबी, वेळीप हे गोव्यातले आदिवासी समाज एसटी म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीत आले २००३ ला. वीसहून जास्त वर्षं झाली. ४० आमदारांच्या गोवा विधानसभेत एसटीसाठी राखीव सीट किती, तर शून्य. रमेश तवडकर, गोविंद गावडे हे एसटी आमदार निवडून आले ना, हे मलाही माहितीय, पण ते जनरल सीटवरून, स्वतःच्या बळावर, तो हक्क नव्हे.

आणि शून्य का? मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली आणि त्यात अख्ख्या गोव्यात एसटी दाखवले फक्त ५६६! ती मोजणी मी बघितलीय हो. दक्षिण गोव्यातल्या केप्यात मैत्रिणीच्या घरी ओसरीवर बसले होते, मास्तर कागद घेऊन आले, तिच्या आजीने ठासून सांगितलं आम्ही गावडे, मास्तर म्हणाले, "आजी, यादीत नाही ना ते," आणि पुढचा प्रश्न. मास्तरांचा दोष नाही, यादीच तशी होती. पण आजी, तिची मुलं, सुना, नातवंडं, भरलेलं घर आणि कागदावर एकही आदिवासी नाही. २०११ ला हेच लोक १,४९,२७५ झाले. दहा वर्षांत आभाळातून पडले का? एससी म्हणजे अनुसूचित जाती तेव्हा २५,४४९, त्यांना पेडणे मतदारसंघ राखीव आहे, ते असायलाच हवं, मग यांनाच का नाही?

बाळ्ळी विसरलात? २५ मे २०११. तिथे उटाच्या, म्हणजे आदिवासी संघटनांच्या आघाडीच्या, आंदोलनात दोन तरुण पोरं जिवानिशी गेली. नंतर निवेदनं, मोर्चे, कोर्ट, आणि २०२२ ची निवडणूक तरी तशीच झाली. शेतं, कुळागरं सोडून ही माणसं पणजीला खेपा घालत राहिली, पदरचे पैसे खर्चून. ह्याला घाई म्हणता?

हो, राखीव सीटवरचा आमदारही शेवटी पक्षाचंच ऐकणार, मान्य. बाकीचे कोणाचं ऐकतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये गोव्यात एसटींना राखीव सीट देण्याचं विधेयक लोकसभेत आणि मग राज्यसभेत पास झालं तेव्हा मैत्रिणीला फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आजीला कळायला हवं होतं गो. माझा राग तिथेच निवला होता, आज सकाळी परत चढला.

कारण काम संपलेलं नाही. आता जनगणना आयुक्तांनी एसटींचा आकडा जाहीर करायचा, मग निवडणूक आयोगाने सीट ठरवायच्या, आणि ज्यांची सीट जाणार ते गप्प बसणार नाहीत. म्हणून पाठपुरावा हवा, आणि तो फक्त त्यांनीच करायचा असं कुठे आहे? पुढच्या सभेला मी जातेय, केप्याहून गाडी आहे, जागा आहे. येणाऱ्यांनी मेसेज करा.