बटण आम्हाला कुठे दाखवलंत?

मराठीत मुलांसाठी रहस्यकथा ढिगाने आहेत, पण मुलांना स्वतः सोडवता येईल असं रहस्य त्यांत क्वचितच असतं. हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायचीही तयारी आहे.

आपल्याकडे होतं काय, की चोरी होते, पोरं पळतात, पडका वाडा येतो, भुयार येतं, दाढीवाला संशयित येतो आणि शेवटच्या प्रकरणात नायक खिशातून शर्टाचं एक बटण काढतो. ते त्याला म्हणे पाचव्या प्रकरणातच सापडलं होतं. अहो, मग आम्हाला कुठे दाखवलंत? मोठ्यांच्या रहस्यकथांत हा वाद कधीच मिटलाय. १९२९ साली इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी लेखकांसाठी दहा नियम लिहिले, त्यात गुप्तहेराला सापडलेला दुवा लगेच वाचकासमोर ठेवायचा, हा एक नियम आहेच. मुलांच्या बाबतीत मात्र 'चालतंय, पोरंच तर आहेत' असा कारभार.

लगेच कुणीतरी फास्टर फेणेचं नाव घेईल, म्हणून आधीच सांगतो. फेणे माझाही जीव की प्राण. पण फुरसुंगीच्या त्या पोराची मजा त्याच्यामागे धापा टाकत पळण्यात आहे. 'ट्टॉक' झालं की आपणही पळायचं, विचार करायला उसंत कुणाला? भा. रा. भागवतांनी साहस लिहिलं आणि झकास लिहिलं. मी बोलतोय ते वाचकाला मध्येच थांबवून 'आता तू सांग' म्हणणाऱ्या गोष्टींबद्दल.

त्यातलं माझं लाडकं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला एन्सायक्लोपीडिया ब्राउन. डोनाल्ड सोबोल यांनी १९६३ साली त्याचं पहिलं पुस्तक काढलं. खरं नाव लेरॉय, वय दहा, वडील गावचे पोलीसप्रमुख. रात्री जेवताना वडील अडलेली केस सांगतात आणि पोरगा जेवण संपायच्या आत सोडवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर घराच्या गॅरेजमध्ये त्याने धंदाच मांडलाय, दिवसाला पंचवीस सेंट, वर खर्च वेगळा. एका पुस्तकात दहा छोट्या केसेस असतात. प्रत्येक केस ऐन मोक्याला थांबते, वाचकाला प्रश्न विचारते आणि उत्तर असतं थेट पुस्तकाच्या शेवटी.

एक केस सांगतो. (ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) गावातला टग्या बग्ज मीनी एका मुलाची सायकल लाटायला बघतोय आणि बदल्यात देतोय एक जुनी तलवार. तलवार म्हणे अमेरिकन यादवी युद्धातली, जनरल स्टोनवॉल जॅक्सनची. त्यावर कोरलंय की बुल रनच्या पहिल्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल त्याच्या सैनिकांकडून भेट. लढाई जुलै १८६१ची, भेट महिन्याभरातली. खोटं कुठे आहे?

'पहिल्या' या शब्दात. दुसरी लढाई झाली ऑगस्ट १८६२मध्ये. ती व्हायच्या आधी कोण कशाला 'पहिली' म्हणेल? केसमध्ये आणखी एक दुवा आहे. त्या युद्धात जॅक्सन दक्षिणेच्या बाजूचा आणि दक्षिणेचे लोक त्या लढाईला मनॅसस म्हणत, बुल रन हे उत्तरेचं नाव. हा दुवा आपल्या पोरांना सुटणार नाही, अमेरिकेचा इतिहास त्यांनी का पाठ करावा? पण पहिला दुवा कुठल्याही गावातलं पोर पकडू शकतं. माझ्या भाचीला मी हीच केस पानिपतावर बेतून सांगितली, १५२६ सालच्या तलवारीवर 'पानिपतची पहिली लढाई' असं कोरलंय म्हणून. तिने हातातली पोळी ताटात ठेवली, बोटांवर १५२६, १५५६, १७६१ मोजलं आणि ओरडली, "मामा, त्यांना काय माहीत अजून दोन होणारेत!" तो चेहरा बघण्यासाठी मी वाटेल तितकी पुस्तकं विकत घेईन.

आणि आपल्याकडे माल किती पडलाय! मोडी घ्या. गोष्टीत मोडीतल्या चिठ्ठीचं चित्र छापा, मागच्या पानावर अक्षरांचा तक्ता द्या, पोरं दुपारभर जागची हलणार नाहीत. 'च'ची भाषा शाळेच्या व्हॅनमध्ये आजही बोलली जाते, कमलचं चमलक होतं, तिच्यात निरोप लपवा. तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, एसटीचं वेळापत्रक आहे.

एकच कळकळीची विनंती, यातून स्कॉलरशिपची तयारी काढू नका. मुखपृष्ठावर 'तर्कशक्ती वाढवा' असं छापलं की संपलं, पोरगं त्या पुस्तकाला हात लावणार नाही. पालक तर त्याहून थोर, मूल विचार करत असतानाच शेजारून सुचवायला लागतात. त्याला अडू द्या हो. हळूच शेवटचं पान उघडून बघितलं तरी बघू द्या, आपण सगळ्यांनी बघितलंय.

नुसतं बोलण्यापेक्षा एक नमुनाही देतो. वाड्यातली चांदीची समई चोरीला गेली. रखवालदार सांगतो, "लक्ष्मीपूजनाची रात्र. पूजा आटोपून सगळे झोपले होते, पणत्याही विझल्या होत्या. आवाज आला म्हणून अंगणात आलो. चंद्र डोक्यावर होता, म्हणून भिंतीवरून उडी मारणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसला. शेजारचा गडीच तो!" इन्स्पेक्टरबाईंनी गड्याला सोडलं आणि रखवालदाराला जीपमध्ये बसवलं.

का? घरातल्या पोरांना विचारा. कॉमेंटमध्ये उत्तर फोडणाऱ्याला ब्लॉक करण्यात येईल.