‘संस्था घरातच राहिली पाहिजे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन महिने एक फॉरवर्ड खान्देशातल्या संस्थावाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आधी धुळ्याच्या ग्रुपवर दिसला, मग शहाद्याच्या, आणि परवा जळगावच्या एका आप्पांनी मला स्वतंत्र पाठवला. खाली लिहिलेलं: ‘१०० टक्के खरं.’ मजकूर थोडक्यात असा. सामाजिक संस्था माणसावर चालते, नियमांवर नाही. संस्थापकानंतर सूत्रं घरच्याच माणसाकडे जावीत, कारण तळमळ रक्तात असते. पगारी संचालक आला की सेवा संपली, दुकान सुरू झालं. जाहिरात-मुलाखत हे कंपन्यांचे चोचले, आणि आपल्याकडे तशी माणसं मिळतही नाहीत. शेवटी पुरावा म्हणून अमळनेर, जिथे विप्रो कंपनी सुरू झाली: प्रेमजींचं बघा, वडील गेले, २१ वर्षांचा मुलगा आला आणि केवढं साम्राज्य उभं केलं!

अमळनेरपासूनच सुरुवात करतो, कारण ते नाव वाचलं की आपल्याकडच्या माणसाची छाती फुगते आणि विचार करायचा राहून जातो. १९६६ साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून आले, हे खरं. पण ती कंपनी होती आणि तिच्यात घराण्याची मालकी होती. ट्रस्टला शेअर नसतात, त्यामुळे वारसाहक्कही नसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेची जमीन, इमारत, जीप सगळं ट्रस्टचं; संस्थापक नाना किंवा ताई फक्त विश्वस्त, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारे. आणि उदाहरण द्यायचंच तर पुरतं द्या. आज त्या कंपनीचे अध्यक्ष प्रेमजींचे चिरंजीव आहेत, पण रोजचा कारभार पाहणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याच्या जागेवर २०२० साली थिएरी डेलापोर्ट हे फ्रेंच गृहस्थ बाहेरून आणले गेले. २०२४ मध्ये त्या जागी श्रीनिवास पल्लिया आले, ते कंपनीत तीस वर्षं मुरलेले. दोघांपैकी घरातलं कोणीच नाही.

घरचं माणूस नकोच, असं माझं म्हणणं नाही. एका संस्थापकांच्या सूनबाईंना मी पाच वर्षं पाड्यापाड्यांवर फिरताना पाहिलंय. त्यांच्याइतकं काम माहीत असलेलं दुसरं कोणी त्या संस्थेत नाही. त्यांनीही अर्ज करावा, मुलाखत द्यावी, आणि ठराव होताना सासरेबुवांनी खोलीबाहेर चहा प्यावा, एवढंच. नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त पगार दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

रक्तातल्या तळमळीबद्दल फार लिहीत नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्यानंतर उभं राहिलं, ते धुळ्यातल्या त्यांच्या चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी उभं केलं. रक्ताचं नातं शोधत बसले असते तर राजवाड्यांनी जमवलेलं जुन्या कागदांचं दप्तर कुठे गेलं असतं कोण जाणे.

आता ‘माणसावर चालते, नियमांवर नाही’. नंदुरबार जिल्ह्यातल्या संस्थांचे हिशोब आणि कागद सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून हे वाक्य मला झोंबतं. आमच्या भागातली एक संस्था, नाव नको. बैठकीत निवृत्तीचा विषय निघाला की सगळे एका सुरात: ‘नाना, तुमना बिगर कोन करी?’ नाना हसायचे, विषय संपायचा. एका पावसाळ्यात नानांना छातीत दुखू लागलं, रात्रीच सुरतला हलवलं. बँकेत सह्या दोघांच्या: एक नाना, दुसरे तीन वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त. ऑनलाइन पैसे पाठवायचे तर ओटीपी नानांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल आयसीयूबाहेर एका पिशवीत बंद पडलेला. बॅलन्सशीट अपलोड करायची डिजिटल सही त्यांच्या घरच्या कपाटात, किल्ली कुठे ते त्यांनाच ठाऊक. चौतीस जणांचा दोन महिन्यांचा पगार अडकला.

विश्वस्त बदलला की १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलेलाच नव्हता. आधी विलंब माफीचा अर्ज, मग रिपोर्ट, मग सुनावणी. तोवर बँक म्हणणार, अद्ययावत पीटीआर उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या ट्रस्ट-नोंदवहीचा उतारा, आणा. यात चूक माझीही होती. तो रिपोर्ट टाइप होऊन माझ्याच टेबलावर पडला होता आणि मी नानांच्या सवडीची वाट बघत होतो. परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेला पदाधिकारी बदलल्याचं ४५ दिवसांत केंद्राला वेगळं कळवावं लागतं, ते निराळंच. नाना बरे होऊन आले. माणसावर चालणारी संस्था त्या दोन महिन्यांत त्यांच्या पिशवीत बंद होती.

पगाराचा मुद्दा. परदेशी देणगीतून प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, २०२० पासून. पण शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्या प्रशासनात धरत नाहीत, कारण तो पगार म्हणजेच काम. संचालकाचा पगार प्रशासनात येतो, तर तेवढी तरतूद करून ठेवा. फुकट राबणारा संचालक शेवटी घरातलाच मिळतो, आणि मग मेसेज खरा ठरल्यासारखा वाटतो.

‘माणसं मिळत नाहीत’ यात मात्र अर्धं सत्य आहे. एका मुलाखतीला मी हिशोबाचा माणूस म्हणून बसलो होतो. जाहिरात इंग्रजीत, पुणे-मुंबईच्या लोकांच्या वेबसाइटवर. पगाराच्या जागी ‘चर्चेअंती’. तरी मोलगीकडचा एक मुलगा पहाटेच्या एसटीने आला होता. समाजकार्यातली एमएसडब्ल्यू पदवी, कुपोषणाच्या कामात आठ वर्षं, पाड्यांवरची पावरी ही घरची भाषा. पॅनेलने त्याला इंग्रजीत अर्थसंकल्प समजावून सांगायला लावला. तो अडखळला, बाद झाला. निवडलेला उमेदवार दिवाळीला घरी गेला तो परतलाच नाही. तोवर पाड्यावरच्या बैठकीत त्याच्याशेजारी दुभाषा बसवावा लागायचा. माणूस मिळाला होता, आम्हीच त्याला परतीच्या एसटीत बसवलं. त्यालाच एक दिवस पाड्यावर बैठक घ्यायला लावली असती आणि दुसऱ्या दिवशी हिशोबाची शीट मराठीत पुढे ठेवली असती, तर निकाल वेगळा लागला असता. पगाराचा आकडा जाहिरातीत छापला असता तर मोलगीहून आणखी दोघे आले असते.

आणि निवड झाली की सोपवणं सुरू होतं, संपत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, साने गुरुजी उतरवून घेत गेले, म्हणून ती प्रवचनं आज हातात आहेत. आपल्या संस्थांत कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणती फाइल अडते, कोणत्या देणगीदाराला मार्चआधी फोन करावा लागतो, धडगावच्या कोणत्या पाड्यावर कोणाला विचारल्याशिवाय बैठक होत नाही, हे कोणी उतरवून घेत नाही. निदान सहा महिने जुना आणि नवा एकत्र हवेत. मग जुन्याने खुर्ची अशा खोलीत न्यावी, जिथून स्टाफ आत-बाहेर करताना दिसत नाही.

हे सगळं मी आप्पांना लिहून पाठवलं, आणि शेवटी विचारलं की तुमच्या संस्थेच्या बँकेचा ओटीपी कोणाच्या फोनवर जातो? आप्पा एकाहत्तर वर्षांचे आहेत. निळ्या खुणा परवाच झाल्या. आज सकाळी उत्तर आलं: ‘माझ्याच. पण सिम मुलाच्या नावावर आहे.’